मापाबाहेरचा माणूस

बोलता बोलता तो मध्येच हात वर करायचा. तळवा थेट समोरच्याच्या नाकापुढे. मग म्हणायचा, "थांबा. येऊन राह्यला."

नवखा माणूस घाबरून रस्त्याकडे बघायचा, कोण येतंय म्हणून. येत असायचा तो शब्द. त्याच्या छातीतून निघालेला शब्द ओठांवर येईस्तोवर भैंसा गावच्या बाजारात कापसाचा भाव दोनदा फिरायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. पण आमच्याइतका उंच नसणार, पैज लावतो.

उंची अशी, की कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यावर बसलेलं कबुतर त्याच्याशी नजर मिळवून घुमायचं. पाय इतके लांब, की तो पँटचं कापड घ्यायला गेला तर दुकानदार विचारायचा, तंबू कुठं ठोकायचाय? दाढीचा मात्र दुष्काळ. न्हावी म्हणायचा, याला वस्तरा कशाला, फुंकर मारली तरी पुरे.

ऐंशीच्या दशकात मी त्या जिनिंगमध्ये मुनीम होतो आणि तो ट्रकमध्ये सरकी काढलेल्या रुईच्या गाठींची थप्पी लावायचा. मी बोलून बोलून शेठचं डोकं उठवायचो, तो न बोलता ट्रक भरायचा. मान तिरकी करून एकदा रिकाम्या ट्रककडे बघायचा आणि गाठी अशा बसवायचा, की मधून जाताना मुंगीलाही अंग चोरावं लागे. गावानं मात्र त्याला लहानपणीच ढ ठरवून टाकलं होतं. तो बोलायला लागला तेव्हा त्याच्या बरोबरीची पोरं शिव्यांमध्ये पारंगत झाली होती म्हणे.

मला हा माणूस इतका आवडला, की माझ्या मावशीच्या पोरीची सोयरीक मीच त्याच्याशी जुळवली. ही बहीण माझ्यासारखीच तोंडाळ. ती बोलायची, तो ऐकायचा. त्याचा शब्द वाटेत अडकला, की ती चुलीवरची भाकरी उलटून, दुसरी थापून परत येऊन उभी राहायची. संसार झकास चालला होता. फक्त मूल होईना.

वर्षं गेली तशी त्याच्या मायची नजर बदलली. शेवटी तिनं जवळच्या खेड्यातली एक गरिबाघरची पोरगी हेरली. सरळ दुसरी बायको करायची. मग पहिलीचं काय, असं मी विचारलं. "राहू द्या गोठ्यात, नाही त घेऊन जा," ती म्हणाली. मावशी कधीच गेली होती, तेव्हा बहिणीला माहेर म्हणजे माझंच घर. घराचं मला ओझं नव्हतं. पण टाकलेली बाई म्हणून ती जन्मभर मान खाली घालून वावरेल, हे मला बघवणार नव्हतं.

बहिणीनं एकच हट्ट धरला, आधी डॉक्टर. मग आम्ही तिघं गाठींच्याच ट्रकमध्ये बसून नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बहिणीला तपासलं. ती ठणठणीत. मग याचं रक्त घेतलं. पुन्हा बोलावलं तेव्हा बाईंनी शांतपणे समजावलं. पुरुषाच्या पेशीत एक्स आणि वाय अशी गुणसूत्रांची जोडी असते, यांच्यात एक्स एक जास्तीचं आहे. जन्मापासूनचं. त्यामुळे उंची अशी, दाढी अशी, आणि मूल होणार नाही. मेंदूची घडणही त्यानं थोडी बदलते. भाषेचे भाग काहींच्यात जरा लहान राहतात, म्हणून बोलणं उशिरा येतं, शब्द सापडायला वेळ लागतो. जागा नि आकार ओळखण्याचं काम मात्र काहींना छान जमतं. शोध अजून चालू आहे, असंही त्या म्हणाल्या.

यानं हात वर केला. बाई थांबल्या. बऱ्याच वेळानं शब्द आले. "मंग मी ढ नोहो?"

"नाही हो. अजिबात नाही."

मूल होणार नाही हे नुकतंच ऐकलेला माणूस एवढ्यावर खुदकन हसला. परत येताना इचोड्याच्या ढाब्यावर त्यानं अख्ख्या वरातीचं जेवण एकट्यानं संपवलं.

मायला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी नेहमीसारखी पाल्हाळानं सुरुवात केली, की तुमच्या पोरात एक जास्तीचं निघालं. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. ज्वारी मोजून झाल्यावर मापावर वरून एक मूठ टाकतात ना, ती बरकतीची. माय त्याच हिशेबानं गावभर सांगत सुटली, की माह्या पोराले देवानं वरून एक दिलं. मुलाबाळांचं मी मागून कितीदा सांगितलं. ती म्हणे, जास्त असून कमी कसं होईल? तुमचे डॉक्टर येडे. आणि जास्तीच्या नवऱ्याला हुंड्यात जास्तीची म्हैस पाहिजे म्हणून तिनं हेरलेल्या पोरीच्या बापाला कोंडीत पकडलं.

सुपारी फोडायचा दिवस उजाडला. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरणं नाही. मी रात्रभर घोकलेलं भाषण घेऊन उभा राहिलो, तर नाकापुढे त्याचा तळवा आला. मी बसलो. पाहुणे बघत राहिले. कुणी खोकलं, कुणी हसलं. दाराआड बहीण उभी होती.

"दोष हिच्यात नाही," तो म्हणाला. "माह्यात हाये. मले पोरगं होणार नाही. दुसरी आणा का दहावी आणा. या पोरीले काऊन फसवून राह्यले?"

मायच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. "पण तुह्यात जास्त हाये ना रे बाबू?"

"हाये. माय, ट्रकमध्ये एक गाठ जास्त टाकली त ट्रक निर्मलचा घाट चढत नाही."

एवढं सलग तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. चारचौघांत पुरुषानं हे बोलणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पोरीचा बाप उठला, त्यानं याला वाकून नमस्कार केला आणि लेकीला घेऊन चालता झाला. मी इतकी वर्षं तोंडाची वाफ दवडली, पण माझ्या बहिणीची मान ताठ राहिली ती त्याच्या त्या चार वाक्यांनी. त्या माणसाचं देणं माझ्याच्यानं फिटणार नाही.

माय वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. त्याला ते कळायलाच सहा महिने लागले, असं बहीण हसत सांगायची.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा पायाच्या शिरेत रक्त गोठलं आणि तो गेला. तिरडीला लांब बांबू शोधता शोधता दुपार झाली. मूलबाळ नाही म्हणून अग्नी द्यायला चुलत पुतण्या पुढे झाला. तशी माय भिंतीला धरून उठली. पुतण्याच्या हातातलं मडकं तिनं काढून घेतलं आणि माझ्या बहिणीच्या हातात दिलं.

"हिचा मान हाये," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे बाया ओढ्याकाठच्या मसणापर्यंत जात नाहीत. त्या दिवशी दोघी गेल्या. बहीण पुढे, आणि तिचा पदर मुठीत धरून मागं म्हातारी.