उठल्यावरची गोळी

बारकी धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालायची. अंगानं काडी, पण ओल्या चादरींचा गठ्ठा एकटी उचलायची. म्हणूनच तिला मोठ्या इस्त्रीच्या रोलरवर घ्यायचं ठरलं होतं. रोलरवर दोघी लागतात. दोन्ही कोपरे ताणून चादर आत सोडायची. एकीचा हात ढिला पडला की सुरकुती पक्की बसते. मध्येच जागा सोडून चालत नाही.

आणि बारकीला मध्येच जावं लागत होतं.

दुसरं मूल इतक्यात नको, म्हणून तिनं गोळ्या सुरू केल्या होत्या. थोडे दिवस ठीक गेले, मग अवेळी रक्त जायला लागलं. कधी नुसते डाग, कधी चक्क पॅड लागायचं. नेम म्हणून नाही.

"फेकून दे त्या गोळ्या," शेजारी घड्या घालणारी मावशी म्हणाली. "अंग नको म्हणतंय तर ऐकावं."

"आणि पोट वाढलं की रोलरवर तुम्ही जाल, मावशी?"

"मी? माझे गुडघे त्या रोलरपेक्षा जास्त कुरकुरतात."

गोळ्या फेकायच्या आधी विचारून तरी बघू, म्हणून बारकी दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी रक्तदाब पाहिला, दिवस गेलेत का तेही तपासलं. नव्हते गेले.

"गोळी कधी घेता?"

"रोज. उठल्या उठल्या. एक चुकवली नाही," बारकी ताठ मानेनं म्हणाली.

"आणि उठता कधी?"

"ते शिफ्टवर आहे. सकाळची असली तर पहाटे. रात्रीची असली तर थेट दुपारी."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुमची शिफ्ट बदलली हे गोळीला कोण सांगणार?"

बारकीला हसू आलं, मग लाजही वाटली. पण चूक तिच्या हलगर्जीपणाची नव्हती. शिफ्टवाल्या माणसाची सकाळ घड्याळात नसतेच; डोळा उघडला की सकाळ.

नर्सबाईंनी नीट समजावलं. या गोळीला ठरलेली वेळ लागते. मागेपुढे झालं की रक्त जातं, भरवसाही कमी होतो. म्हणून सध्या नवऱ्याला निरोध वापरायला सांगा. सुरुवातीला थोडे डाग तसेही पडतात. मात्र जास्त जायला लागलं, दुखलं किंवा थांबलंच नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

बारकीनं संध्याकाळ धरली. कुठल्याही शिफ्टला ती तेव्हा जागी असायची. नवरा शिंपी, म्हणाला, "मशीन बंद करताना मी फोन करत जाईन."

तसा तो करू लागला. दुपारच्या शिफ्टला कारखान्यात फोन वाजला की मावशी ओरडायची, "घे गं बाई, साहेबांचा हुकूम आला!"

डाग एकदम थांबले नाहीत. हळूहळू कमी झाले, मग बंद झाले. मुकादमबाईंनी तिला रोलरवर उभं केलं. पहिल्या दिवशी तिनं दोन चादरी तिरक्या सोडल्या, शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एकही नाही. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिनं जागा सोडली नाही.

घरी आल्यावर खांदे भरून आले होते. नवऱ्यानं विचारलं, "झेपेल ना?"

"झेपतंय," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. "जरा दाब. डावा आधी."