हिमनदीवर ‘खाली पाय’ कोण म्हणालं?

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते… माझी जुनी खोड आहे ती. मध्य प्रदेशातल्या, नागपूरपलीकडच्या सौंसरच्या बौद्ध घरातली मी. अंगारे-धुपारे, नजर काढणं असलं काही बाबांना घरात खपायचंच नाही. त्यात मी शिकले भूगर्भशास्त्र. तेव्हा पुढचं वाचून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसलेच असते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपूरला एम.एस्सी. करून मी हिमनद्यांची मोजणी करणाऱ्या एका टीममध्ये लागले. पांढुर्ण्याला गाडी धरायची, दिल्ली गाठायची, मग बसने उत्तरकाशी आणि तिथून वर पायी. बाबा कचेरीत चपराशी, आई संत्र्याच्या तोडणीला जायची. माझं काम काय ते तिला समजावलं, तर बागेतल्या बायकांना म्हणते कशी, “बर्फाची नदी हाय म्हणे, अन् थे चालून राह्यली! अन् आमची पोरगी थिच्या मागं टेप घेऊन!” बायका हसून हसून बेजार.

पण काम खरंच तेच होतं. हिमनदीत ठिकठिकाणी भोकं पाडून लांब काठ्या रोवायच्या आणि वर्षाने परत जायचं. काठी जास्त उघडी पडली असेल तर तिथला बर्फ वितळून गेला. बुडाली असेल तर भर पडली. आणि काठी जितकी उताराकडे सरकली तितकी नदी चालली… ते खडकावरच्या पक्क्या खुणेवर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, लावून बघायचं.

सगळ्यात वरची काठी माझ्या हट्टाने रोवलेली होती. तिथे नदीला वळण आहे, उतारही जास्त. आमचे सर पुण्याचे — हुशार, शिस्तीचे, आणि मुलींनी डोंगरावर कशाला यावं अशा मताचे. ते तेव्हाच म्हणाले होते, “ही काठी पुन्हा दिसायची नाही.” त्या दुसऱ्या वर्षी ते अजून स्पष्ट बोलले. “नाही सापडली तर पुढल्या वर्षापासून तू ऑफिसात बसून नकाशे काढायचे.” बाकी काठ्या मोजून झाल्या होत्या, पण वरची मिळाल्याशिवाय नदीने त्या वर्षी कमावलं की गमावलं, हे ठरणार नव्हतं. शिवाय हवा बिघडत चालली होती आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं ठरलेलं.

सकाळी आम्ही तिघं एकाच दोराला बांधून निघालो. पुढे कुंदन, गढवाली वाटाड्या, मध्ये मी, मागे सर. ताज्या बर्फाने सगळं सपाट केलेलं. वळणावर पोचलो तर धुकं उतरलं, इतकं दाट की पुढचा कुंदन नुसता डाग. गेल्या वर्षीची जागा, त्यात वर्षभराच्या चालीचा अंदाज मिळवून काठी जिथे असायला हवी, तिथे आम्ही सळई खुपसत बसलो. भुसभुशीत बर्फ आणि खाली टणक बर्फ, दुसरं काहीच लागेना. सर म्हणाले, “बास. परत फिरायचं.”

मला रडू येत होतं. खोटं कशाला सांगू?

आणि तेवढ्यात हाक आली. आमच्याकडे शेतात एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला मारतात तशी, लांबलचक, पुरुषाच्या आवाजात —

“अवं पोरी… खाली पाय! अजून खाली पाय!”

मी काही विचारच केला नाही. उताराकडे वळले आणि चालू लागले. मागून दोर ताणला. सर जागच्या जागी खिळून उभे!

“सर, दोर ढिला सोडा!”

“हलू नकोस! तिकडे काठी असूच शकत नाही.”

“सर, सोडा म्हणते ना!”

आयुष्यात पहिल्यांदा मी सरांवर ओरडले. दोर सैल झाला. मी सळई खुपसत खुपसत उतरले… आणि टक्! लाकडाचा आवाज. गुडघ्यावर बसून हातांनी बर्फ उपसला. लाल रंग. त्यावर माझ्याच हाताने काढलेला आकडा. मी जी किंकाळी मारली ती तिकडे आमच्या पांढुर्ण्याजवळच्या तिगावापर्यंत गेली असेल!

काही वेळाने धुकं फाटलं. सरांनी खडकावरून नेम धरला, पुन्हा पुन्हा तपासला. आमचा अंदाजच चुकला होता. वळणावर नदी आम्ही धरलेल्या चालीपेक्षा फार जोरात चालली होती. वरच्या भागात बर्फाची भरही पडलेली निघाली. वर्षाचा हिशोब पुरा झाला. दोर गुंडाळता गुंडाळता सर खाली बघून म्हणाले, “पुढल्या वर्षी वरची टीम तू घेऊन जायची.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग सरांनी आम्हा दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, काय ऐकलंत? कारण त्यांनीही ऐकलं होतं! कुंदन म्हणाला, “कोई बोला, खाली पाँव. मैंने अपना जूता देखा, पहना हुआ था.” त्याच्या हिंदीत ‘खाली पाँव’ म्हणजे अनवाणी! आणि सर? पुण्याच्या माणसाला ‘पाय’ म्हणजे पायच. पायाखाली भेग आहे असं कोणीतरी बजावतंय, असं समजून ते हलायला तयार नव्हते. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’. खाली बघ! त्या उभ्या डोंगरात ते कळणारी मी एकटीच होते.

माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर बाकीच्या दोघांच्या कानात तो कसा शिरला? सरांनी खालच्या चौकीवर, सगळ्या तंबूंत चौकशी केली. आमच्या भागातलं कोणी नव्हतं. मराठी बोलणारेच मुळी दोघं, सर आणि मी.

घरी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू हात जोडून म्हणाल्या, “जामसांवलीचा मारुती होता थो! हिमालयाचा रस्ता त्याले पाठच हाय.”

बाबा भडकले. “काऊन वो वहिनी, माह्या पोरीनं काठी शोधली, तुमच्या मारुतीनं नाही!” मग माझ्याकडे वळून, “मोजमाप बरोबर आलं ना?”

“हो बाबा.”

“मंग झालं तं.” आणि चप्पल घालून ते बस स्टँडवर गेले, भेटेल त्याला सांगायला.

पुढे कितीतरी वर्षं मी टीम घेऊन त्या वळणावर गेले. तो आवाज कोणाचा, हे मला आजही माहीत नाही, आणि खोटं कारण चिकटवणं माझ्या शिक्षणात बसत नाही. एकच चुटपुट लागून आहे… काठी दिसल्यावर मी इतकी ओरडत होते, की तो अजून काही बोलला असेल, तर ते मला ऐकूच आलं नाही.