दौंडकडे वळणारं हँडल

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, लिहिण्याची सवय नाही. त्यात मी सायन्सचा... असले अनुभव वाचून हसायचो. पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही शिरूरजवळ राहतो. माझा चुलतभाऊ विकासदादा एका सोमवारी ‘पुण्यात कामाचं बघून येतो’ म्हणून एसटीनं गेला. रात्रीपासून त्याचा फोन बंद. मंगळवारी तक्रार दिली. बुधवारी दादाचा फोटो पोलिसांना द्यायला मी त्याचीच मोटारसायकल घेऊन निघालो, तर हँडल एका बाजूला ओढायला लागलं. रस्ता वळला की ओढ दुसऱ्या बाजूला. शिरूरला पोचेपर्यंत हात भरून आले. फोटो दिला आणि थेट आप्पा मेकॅनिककडे गेलो.

“कोनसेट गेलाय,” आप्पा म्हणाले. “कॉलेजात एवढं बी शिकवत न्हाईत व्हय?”

त्यांनी नवा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा संच, टाकला. गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक उचललेलं. हँडलला बोट लावलं की ते दोन्हीकडे आपोआप पडायला हवं. ते डावीकडेच पडलं. सरळ केलं, पुन्हा डावीकडे. आप्पांनी जुन्या कोनसेटमधला गोल छर्रा फरशीवर ठेवला. तो हलला नाही, म्हणजे उतारही नव्हता. मग आम्ही गाडी उलटी फिरवून लावली... हँडल उजवीकडे पडलं.

म्हणजे दोन्ही वेळा चाकाचं तोंड एकाच दिशेला होतं. दौंडच्या अंगाला.

आप्पा हसले नाहीत. पाना घेऊन त्यांनी वरचा नट करकचून आवळला. “आता कुठं फिरतंय बघू. सावकाश जा.”

घरी सांगितलं तशी काकी, दादाची आई, उठलीच. “बाळा, दौंडला एकदा बघून ये की रं.”

“काकी, असं नसतं. तो पुण्याला गेलाय,” मी म्हणालो. खरं तर त्या गाडीवर बसायचीच मला भीती वाटत होती. पण एसटीनंही मी गेलो नाही.

गुरुवारी दिवसभर गाडी दारात होती. आवळलेलं हँडल कुरकुरत होतं — कुणी हात न लावता. काकी समोर बसून बघत होती. मी आत दार लावून बसलो. दुपारी ‘कट्’ आवाज झाला. मोबाईलमध्ये पाहिलं, चार वाजून तेरा मिनिटं. बाहेर आलो तर नट जागेवर घट्ट, आणि हँडल बोट लावताच दोन्हीकडे पडत होतं. अगदी सहज.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. आप्पांनाही नाही.

शुक्रवारी दौंडहून फोन आला. सोमवारी रात्री रुळाजवळ एक तरुण जखमी सापडला होता, खिशात ओळख पटेल असं काहीच नव्हतं. तीन दिवस तो तिथल्या दवाखान्यात बेशुद्ध होता. गुरुवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास गेला. शिरूरला दिलेल्या फोटोवरून ओळख पटली होती... न्यायला या, म्हणाले.