मामाजी चष्मा काढायचे तेव्हा

नऊ जुलै. स्वयंपाक आटोपला, जेवणाच्या टेबलावर पोतं अंथरलं आणि बावीस दिवसांपूर्वी मीच बंद केलेली जीपची ट्रान्सफर केस पुन्हा उघडायला घेतली. गिअरबॉक्सकडून येणारी ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी ही लोखंडी पेटी. ती बंद करायच्या संध्याकाळी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, वाकून आत पाहिलं, चष्मा काढला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि झोपायला गेले. दमले असतील, असं म्हणून मी झाकण बसवलं, सगळे बोल्ट आवळले. सकाळी मामाजी उठलेच नाहीत. चष्मा खुंटीवरच्या खाकी शर्टाच्या खिशात सापडला.

त्या चष्म्याचं सांगायला हवं. मामाजी आयुष्यभर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेत. चूक तोंडानं सांगायची नाही, हा त्यांचा नेम. काम बरोबर चाललं असेल तर बघत राहायचे. चुकलं की चष्मा काढून खिशात. मग आपली चूक आपण शोधायची.

आमची शेती नांदगाव खंडेश्वरला. गेल्या पावसाळ्यात काळ्या मातीत जीप रुतली, फोर-व्हीलचा दांडा ओढला तर आतून नुसता करकर आवाज. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं बाहेर काढावी लागली, हे मामाजींच्या फार मनाला लागलं. पण त्यांचे हात थरथरायला लागले होते. एका रविवारी त्यांनी पान्यांची पेटी माझ्यासमोर ठेवली.

“तू अकोल्याच्या घड्याळवाल्याची पोरगी. तूच खोल.”

“घड्याळ मुठीत मावते, मामाजी. हे तर दोघं मिळून उचलत नाही.”

“दाते ते दातेच. डर कायचा?”

खरं सांगते, पहिलं झाकण निघालं, काळं तेल परातीत पडलं आणि आतले गिअर दिसले, तेव्हा मला भूक, तहान, शाळेच्या उत्तरपत्रिका, सगळ्याचा विसर पडला. मधल्या शाफ्टवर नख फिरवलं तर खाच लागली. करकर तिथून येत होती! नवा शाफ्ट आणला, सुईएवढे बारीक रोलर ग्रीसमध्ये एकेक चिकटवून बसवले. शाळा सुटली की मी धावत घरी. झाकणाच्या फटीतून तेल गळू नये म्हणून लावायचं गास्केट लग्नपत्रिकेच्या कागदाचं. घरात पत्रिका आली की मामाजी आधी बोटांत धरून जाडी बघायचे, मग लग्न कोणाचं ते.

एकदा मी वॉशर उलटा बसवला. चष्मा खिशात गेला. मला तेव्हा हे गणित ठाऊक नव्हतं.

“डोळे दुखून राहिले का?”

“अजून नाही. हे पाहत बसलो तर दुखतीन.”

शेवटच्या आठवड्यात मात्र ते माझ्या नवऱ्याला, विलासला, ‘दादा’ म्हणू लागले. दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, वारून दहा वर्षं झालेले. तेरवीनंतर मी चष्म्याचा विषय काढला, तर विलास म्हणाला, “बाबांले शेवटी काहीच समजत नव्हतं. झोप आली असन, काढला चष्मा. तू काहून डोकं खाऊन राहिली?” असेलही. पण पेटी गाडीत चढवायला माझा हात धजेना. त्यांचं डोकं खरंच गेलं होतं, की माझं काम चुकलं होतं? मनापासून वाटत होतं… माझंच चुकलेलं असू दे.

झाकण निघालं. रोलर ठीक. वॉशर ठीक. शाफ्ट हातानं फिरवला, लोण्यासारखा फिरला. म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं? मग माझा चष्मा पुसला आणि टॉर्च घेऊन फोर्कपाशी गेले. गिअर सरकवणारे हे दोन फोर्क, प्रत्येकाला एक स्क्रू, आणि तो सैल पडू नये म्हणून त्याला तारेचा वेढा. पहिल्याला तार होती. दुसऱ्याला नव्हती.

मी टेबलावर थाप मारली. परात खाली पडली, विलास धावत आला.

“काय झालं?”

“चुकलं माझं. हे पाहा, तारच नाही. चार महिन्यांत स्क्रू निघाला असता आणि सगळे दाते गेले असते.”

“मग हसून काहून राहिली?”

“कारण त्यांना दिसलं होतं.”

त्यानं टॉर्च घेतला आणि वाकून आत पाहिलं. “मले दादा म्हणत होते,” तो हळूच म्हणाला, “अन् तार बरोबर दिसली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींचा खाकी शर्ट साडीवर चढवला, तार बसवली, पिळून टोकं दाबली आणि जाडशी पत्रिका शोधून नवं गास्केट कापलं. विलास म्हणाला, झाकण मी बसवतो. बसवलं. मग एका कोपऱ्यापासून ओळीनं एकेक बोल्ट पूर्ण आवळत निघाला. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे असतात, नाहीतर झाकण तिरकं बसतं. मी माझा चष्मा काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

विलासचा पाना थांबला.