लेखावरचं नाव

पीएच.डी.साठी मी एका गुलामाचं आत्मकथन आणि एका गुलाम बाईवरची कादंबरी ताडून पाहत होते. दोघंही पळून सुटतात. पण बाईची गोष्ट दुसराच कुणी सांगतो, आणि गुलाम स्वतःची गोष्ट स्वतःच्या नावानं लिहितो. खरा सुटला तोच, असं मी प्रबंधाच्या एका प्रकरणात मांडलं. ते प्रकरण वैजापूरहून एसटीनं नेऊन संभाजीनगरला माझ्या मार्गदर्शक सरांच्या हातात दिलं.

सरांच्या वास्तुशांतीला पंगती आम्ही विद्यार्थ्यांनीच वाढायच्या, ही आमच्याकडची रीत. बुंदीची परात टेकवायला गेले, तर टेबलावरच्या नव्या मासिकात माझंच प्रकरण छापलेलं, शब्द न् शब्द. नाव एकट्या सरांचं.

आणि मी काय केलं? परात उचलली, पंगतीत गेले आणि सरांना आग्रह करकरून बुंदी वाढली.