उल्का आली की झुकायचं

आमच्या लहानपणीची अंतराळ मालिका नव्या थाटात परत आली आहे. तिचं यान इतकं चकचकीत आहे की बघताना आपलाच चष्मा पुसावासा वाटतो. काल मी लेकीला मुद्दाम जुना भाग दाखवला. माझ्या लाडक्या यानाला ही हसणार, अशी मनात धाकधूक होती.

ती हसलीच. "बाबा, परग्रहवाल्याच्या पाठीला चेन आहे."

"त्यांच्याकडे थंडी फार," मी म्हणालो.

इतक्यात यानावर उल्का आदळली. त्या काळी यान हलायचं नाही. कॅमेरा वाकडा व्हायचा आणि नटमंडळी डावीकडे झुकायची. कॅप्टन तेवढा चुकून उजवीकडे झुकला. सवयीने मीही सोफ्यावर डावीकडे झुकलो.

"तू का झुकलास?"

"अगं, आम्ही झुकलो नाही तर यान हलणार कसं?"

नव्या मालिकेत सगळं संगणक हलवतो, आपण चिवडा खात ताठ बसतो. जुन्या यानाला मात्र घराघरातून हातभार लागायचा.

दुसरी उल्का दिसली, तशी माझ्या डावीकडे बसलेल्या लेकीने चिवड्याची वाटी खाली ठेवली. "मी कॅप्टनच्या बाजूने," ती म्हणाली, आणि उजवीकडे झुकली. आमची डोकी दणकन आपटली. त्या यानाला इतका खरा हादरा आजवर कधीच बसला नव्हता.