गर्व होऊ नये म्हणून

सांगलीहून साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. गळ्यात बारीक क्रूस, मांडीवर जुनं बायबल. बस माधवनगरलाही पोचली नव्हती, तोच मला म्हणाल्या, "माझ्या नातीसाठी जरा प्रार्थना करा. तिला गर्व होऊ नये म्हणून."

"कशाचा गर्व?"

त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या. बायबलातून खाकी वर्दीतला फोटो निघाला. "फौजदार झालीया. आमच्या गावात पहिलीच पोरगी. गर्व लय वंगाळ पाप हाय बगा."

तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरलाही त्यांनी प्रार्थनेला लावलं. मग पुढच्या सीटवरच्या दोघींना. दर वेळी फोटो पदरानं पुसून पुढे व्हायचा.

शेवटी मला राहवेना. "आजी, गर्व नातीला झालाय की तुम्हाला?"

त्यांनी पुढे केलेला फोटो मागे घेतला. उगाच बोललो, असं मला वाटलं. फोटो बायबलात ठेवत त्या हळूच म्हणाल्या, "मलाच झालाय, बाबा. रोज सकाळी गुडघं टेकून देवाजवळ माफी मागती. पर कशाची माफी ते सांगाय गेलं, की पुन्यांदा सगळं पहिल्यापासनं सांगावं लागतंय. आन् सांगताना लय बरं वाटतंय."